शटरच्या आतली सुट्टी

"तुमचं बँकवाल्यांचं बरंय बाई, जगाला नसते ती सुट्टी तुम्हाला असते," असं कुणी म्हणालं की माझं टाळकं अजून सटकतं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन वर्षं झाली, गुडघे कुरकुरायला लागले, पण ह्या एका वाक्यावर मला हसून मान डोलावता येत नाही. एकदा लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी बाईला मी हातातला घास ताटात ठेवून सुनावलं होतं. ती बिचारी पुढं जिलेबीसुद्धा नको म्हणाली.

ही सुट्टी म्हणजे एक एप्रिल आणि तीस सप्टेंबर. त्या दिवशी शाळा चालू, कचेऱ्या चालू, एस.टी. चालू, कारखान्याचा भोंगा वेळेवर. बंद फक्त बँका. कॅलेंडरवर तारखेच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'बँकांना सुट्टी'. ते छापणाऱ्याला एकदा समोर उभं करून विचारायचं मनात होतं, की बाबा रे, बँकांना म्हणजे नक्की कुणाला? भिंतींना? कारण आम्ही माणसं त्या दिवशी आत होतो. गिऱ्हाइकांसाठी दार बंद असायचं, ते हिशेब मिटवायचे म्हणून. वर्षाचे एकदा, सहामाहीचे एकदा. इंदापूरच्या आमच्या शाखेत तेव्हा संगणक नव्हता. एकेका खात्याचं व्याज हातानं काढायचं, बेरजा मारायच्या, आणि सगळं जुळेपर्यंत उठायचं नाही. एरवी पाचला बाहेर पडणारी माणसं त्या दिवशी कधी सुटतील याचा नेम नसायचा. आणि वर पुन्हा म्हणायचं, सुट्टी.

माझं घर सांगवीचं, बारामती तालुक्यातलं. कॅनॉलच्या पाण्यावर वांगी, टोमॅटो, थोडे पेरू. आमच्या घरात सुट्टी म्हणजे मार्केट बंद असेल तो दिवस, आणि तोही खुरपणीत जायचा. त्या घरातून मी परीक्षा देऊन बँकेत लागले, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आणि इंदापुरात एका मास्तरांच्या घरामागची खोली भाड्यानं घेतली. शनिवारी अर्धा दिवस झाला की बारामतीची एस.टी. धरायची, सोमवारी पहाटे परत. वडिलांना, म्हणजे आबांना, माझा अभिमान होता. गावात कुणी भेटलं की विषय कुठलाही असो, ते तो बँकेपर्यंत आणून सोडायचे. चुलते, म्हणजे तात्या, यांना मात्र एकटी पोरगी परगावी खोली घेऊन राहते हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. पगार खुपत नव्हता, तेवढं मात्र इथं नोंदवून ठेवते.

तर त्या मार्चमध्ये तात्या एका दुपारी थेट काउंटरवर आले. इंदापुरात काहीतरी काम काढून आले होते. माझ्यापुढं गिऱ्हाइकांची रांग, आणि हे जाळीतून मोठ्यानं सांगतायत, "एक तारखेला पाव्हणं येनार हायती तुला बघाया. अकलूजकडचं हायती. पोरगा कारखान्यात केमिस्ट हाय. त्याची सुट्टी त्याच दिवशी येती. तू आदल्या सांजंला घरी यायचं."

रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या कानशिलात आग झाली. मी हळू आवाजात म्हणाले, "तात्या, एक तारखेला नाही जमायचं. आम्हाला त्या दिवशी काम असतं. रविवारी ठेवा."

"काम?" तात्या हसले आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बोट केलं. "वाच की वर काय लिवलंय ते. तुमच्याच ब्यांकेचं क्यालेंडर हाय न्हवं? एक एप्रिल, ब्यांकास्नी सुट्टी. आमी तारीख बघूनच ठरवलंय. तुझी रजा बी वाया जायाची न्हाय."

रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "व्हय की, छापलंय की." झालं. आमच्या बँकेनं वाटलेलं कॅलेंडर, आमच्याच भिंतीवर, माझ्याच विरुद्ध साक्ष देत होतं. तरी मी तात्यांना पुन्हा सांगितलं, की दार लोकांसाठी बंद असतं, आम्ही आत असतो, आबांना एवढं नक्की सांगा. तात्या म्हणाले, "सांगतो, सांगतो," आणि गेले. सांगवीत जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ते म्हणाले, पोरगी लाजती.

मी साहेबांकडं गेले. आमचे मॅनेजर पुण्याचे, क्लोजिंग, म्हणजे ही हिशेब मिटवायची तारीख, जवळ आलं की त्यांच्या अंगात संचार व्हायचा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "क्लोजिंगला रजा? मॅडम, मी स्वतःच्या मुलाच्या बारशाला गेलो नव्हतो." हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. मला त्या बारशातल्या बाईचं काय झालं असेल तेच डोळ्यांपुढं आलं. मी म्हणाले, अर्धा दिवस तरी द्या. ते म्हणाले, "जुळलं की जा. बारा वाजता जुळलं तर बारा वाजता जा. मी अडवणारा कोण?"

एक तारखेला आम्ही नेहमीप्रमाणं मागच्या दारानं आत शिरलो. शाखा भाड्याच्या इमारतीत होती. पुढं रस्त्यावर लोखंडी शटर, मागं पिठाच्या गिरणीच्या बोळात छोटं दार. पुढच्या शटरला शिपायानं बाहेरून कुलूप घातलं होतं, नाहीतर लोक वर करून आत डोकं घालायचे, "ओ, येवढं चलन घेता का?" म्हणून. आत पंखे चालू, दिवे चालू, सगळ्यांच्या बाह्या वर. मी सकाळपासून मान वर केली नाही. माझ्या टेबलावरचं मी अकरालाच जुळवलं. पण एकट्याचं जुळून भागत नाही, शाखेचं जुळावं लागतं. कुणाचा तरी आकडा कुठंतरी उलटा पडला होता आणि तो सापडेना. मी दुसऱ्यांच्या टेबलावर जाऊन त्यांच्या बेरजा मारल्या. दोन वेळा साहेबांच्या पुढं उभी राहिले. दोन्ही वेळा ते म्हणाले, "आता होतंच आलंय." भजी आली, चहा आला, पुरुषमंडळी एकमेकांची चेष्टा करत होती, कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. त्यांना घाई नव्हती. त्यांच्या घरी पाहुणे बसले नव्हते, आणि बसले असते तरी ते कामावर आहेत म्हटल्यावर पाहुण्यांनी आदरानं मान हलवली असती.

उन्हं कलल्यावर जुळलं. मी धावत स्टँडवर गेले. बारामतीची गाडी, मग सांगवीची. मिळेल त्या गाडीत उभी राहून, दांडीला लोंबकळत घरी पोहोचले तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. अंगणात धुतलेल्या कपबश्या पालथ्या घातल्या होत्या. आई चुलीपुढं पाठमोरी बसलेली. तात्या बाजेवर, आबा खाली भिंतीला टेकून. कुणी मला "आलीस?" म्हटलं नाही.

तात्यांनीच सुरुवात केली. "पाव्हणं जेवून गेलं. नाक राहिलं न्हाय आमचं."

मी म्हणाले, "तात्या, मी सांगितलं होतं तुम्हाला. काम होतं बँकेत."

"तुझी आय बी त्येच म्हनली त्यास्नी. पोरगी ब्यांकेत कामात हाय म्हनून." तात्या उठून बसले. "आन् पोराचा बाप काय म्हनला ठावं हाय? म्हनला, आमी इंदापूरवरनंच आलो. सून कुठल्या ब्यांकेत हाय ती बघावी म्हनून जीप थांबवली. शटरला भायेरनं कुलूप. पानवाला म्हनला, आज ब्यांक बंद. मंग तुमची पोरगी कुलपाच्या आत बसून काम करती व्हय?"

मी म्हणाले, "होय. कुलपाच्या आत बसूनच करते."

तात्या हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. मी आबांकडं वळले. माझी खात्री होती की निदान ते तरी म्हणतील, तिला बोलू द्या. आबांनी मान वर केली आणि अगदी हळू, मला समजून घेतल्यासारखं विचारलं, "खरं सांग पोरी. कुठं हुतीस?"

तात्यांचा मला राग आला नाही, खरंच नाही आला. ते तसेच होते. पण आबांच्या त्या हळू आवाजाचा जो राग आला तो मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवला नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मला माफ करायच्या तयारीत होते! मी काहीतरी केलंय हे धरून चालून, ते पोटात घालायला तयार झालेले. कपाळाला एस.टी.ची धूळ, बोटांना शाईचे डाग, सकाळपासून पोटात एक भजं. मी हात पुढं केले आणि म्हणाले, "ही शाई बघा." आबा म्हणाले, "शाई कुठं बी लागती."

त्या दिवशी मी घरात जेवले नाही. आईनं ताट आणलं, मी सरकवलं. आईचाही राग आला, कारण ती खरं बोलली होती आणि तिचं खरं खोटं ठरल्यावर गप्प बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाखेत आमच्या कॅशियर बाईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, दोन मुलांच्या आई. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "अगं, माझ्या पहिल्या क्लोजिंगला आमचे हे स्कूटर घेऊन आले आणि पुढचं शटर बडवत राहिले. साहेबांनी मागनं आत घेतलं, मला खुर्चीत बसलेली दाखवली, चहा पाजला, तेव्हा गेले. आता दर वर्षी डबा आणून देतात." मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?" त्या नोटा मोजायच्या थांबल्या. "आला होता की. मग मुलं झाली," म्हणाल्या आणि पुन्हा मोजायला लागल्या. मला त्यांच्या त्या हसण्याचाही संताप आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. मलाही उद्या हे हसून सांगता येईल की काय, याची.

मी साहेबांना म्हटलं, माझे वडील कधी आले तर त्यांना एवढं सांगाल का, की त्या दिवशी मी इथं होते? साहेबांनी वर न बघता सांगितलं, "घरच्या भानगडी घरी ठेवा मॅडम." भानगडी हा शब्द त्यांनी वापरला. ज्यांनी मला दिवसभर अडकवून ठेवलं, त्यांनी.

गावात व्हायचं ते झालं. ब्यांकेला सुट्टी आणि पोरगी बेपत्ता, एवढी गोष्ट लोकांना पुष्कळ झाली. कॅनॉलवर धुणं धुताना, दुधाच्या डेअरीपुढं, स्टँडवर. दुसरी स्थळं येणार होती ती आली नाहीत. तात्या म्हणायला लागले, नोकरी सोडू दे नाहीतर बारामतीला बदली करून घरी राहू दे. मी शनिवारी घरी जाणं कमी केलं, तर त्याचाही अर्थ लागला. मला लग्नाचं फारसं पडलं नव्हतं. तो केमिस्ट गोरा की काळा हेही मला ठाऊक नव्हतं. मला पाहिजे होतं ते एकच, की माझ्या घरात माझ्या शब्दाला किंमत असावी. लहानपणापासून मी खोटं बोलले नव्हते, आणि हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तेवढ्या वर्षांच्या खऱ्यापेक्षा एका कॅलेंडरची बारीक अक्षरं जड भरली.

पावसाळ्यात एकदा घरी गेले तेव्हा मी आबांना सांगितलं, "सप्टेंबरच्या तीस तारखेला पुन्हा ही सुट्टी आहे. कॅलेंडरात छापलंय, बघून घ्या. त्या दिवशी इंदापूरला या. मागच्या बोळातून या. बघा मी कुठं असते ते." आबा पेरूच्या पाट्यांवर गोणपाट शिवत राहिले.

आणि तीस सप्टेंबरला ते आले.

आम्ही कामात बुडालेलो. मागच्या दाराशी शिपाई कुणाशी तरी बोलतोय असं वाटलं, वर बघितलं तर आबा. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून ठेवलेल्या. मागं तात्या. सहा महिन्यांचा राग क्षणात पाण्यासारखा वाहून गेला, हे मी कबूल करते. मला वाटलं, आले. माझ्यासाठी आले. मी उठून त्यांना भिंतीकडच्या बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं. आबा पंख्यांकडं, दिव्यांकडं, वाकलेल्या डोक्यांकडं बघत होते. बंद शटरच्या आतल्या बाजूकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्या टेबलाकडं. दोन-अडीच तास ते बाकावरून हलले नाहीत. मी काम करत होते आणि माझी पाठ ताठ होती.

साहेब त्यांच्या पुढून गेले तेव्हा आबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सायेब, आमची पोरगी खरं बोलत हुती."

साहेब हसले. बाकीचेही दोघं-तिघं हसले. आबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मला ते बघवेना. खटला जिंकल्यासारखे उभे होते. पण खटला भरला कुणी होता? मी तर आरोपी होते, आणि माझा बाप माझ्यावतीनं निकालाचे पेढे वाटत होता. पुरावा बघून विश्वास ठेवायला बाप कशाला पाहिजे? तेवढं तर कोर्टसुद्धा करतं. तरीही मी गिळलं. म्हटलं, आले ना, तेवढं पुरे.

त्यांना निरोप द्यायला मी बोळात आले. गिरणी चालू होती, पीठ उडत होतं. तात्या खुशीत होते. म्हणाले, "आता गाडी रुळावर आली बग. अकलूजकरांस्नी आमी परत इचारलं हुतं. त्येंचंच म्हननं पडलं, म्हनले, पुढच्या सुट्टीदिशी जाऊन डोळ्यांनी बघून या, पोरगी आत आसली तर आमची ना न्हाय. म्हनून तर आलो की. आता येत्या रईवारी त्यास्नी घिऊन येतो. पोरानं सायबाला सांगून आपली सुट्टी रईवारची करून घेतलीया."

मी आबांकडं बघितलं. त्यांनी नजर वळवली नाही, उलट मान हलवली. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटतच नव्हतं. ते माझ्या सांगण्यावरून आले नव्हते. मी दोन महिन्यांपूर्वी बोलावलं होतं तेव्हा गोणपाट शिवत राहिले होते. ज्यांनी जीप थांबवून कुलूप बघितलं आणि मागचा बोळ बघायचे कष्ट घेतले नाहीत, त्या लोकांनी पाठवलं म्हणून ते आले होते. आणि त्या पोराची एप्रिलमध्ये न हलणारी सुट्टी आता हलली होती. हलवता येत होती तर! तेव्हा कुणी त्याला विचारलंही नव्हतं.

मी पदर कमरेला खोचला, तेवढंच काहीतरी करायला.

आबा समजुतीनं म्हणाले, "रईवारी तर तुला खरी सुट्टी आसती न्हवं? मंग शनवारीच ये."

"असती की," मी म्हणाले. "पण ती मी त्यांना देणार न्हाय."

गिरणीच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. पिठाचा डबा घेऊन उभी असलेली एक बाई वळून बघायला लागली. तात्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते काहीतरी बोलायला लागले, की एवढ्या लांबनं आलो, पाव्हण्यांना शब्द दिला, पोरगी हाताबाहेर गेली. आबांनी हात करून त्यांना थांबवलं. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर ते समाधान राहिलं नाही.

"मग त्यास्नी काय सांगू?" आबांनी विचारलं.

"सांगा, पोरगी कामात हाय," मी म्हणाले. "आता तर तुमी डोळ्यांनी बघितलंय."